आधीं अर्थिंग, मग विजेची मोटार

पेट्रोलच्या मोटारीऐवजीं विजेची मोटार घ्यावी कीं काय, हा प्रश्न आतां शहरापुरता राहिलेला नाहीं. तालुक्याच्या गांवीं रोज जाणारा बागाईतदार, भाजीपाल्याच्या व्यवहारासाठीं वारंवार बाजारपेठ गांठणारा शेतकरी, मुलांस शाळेंत पोंचविणारें घर, अशा सर्व ठिकाणीं त्याची चर्चा चालू आहे. ह्या चर्चेंत दोन मतें विशेष ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, जोंपर्यंत गांवांत मोटारी चार्ज करण्याचें मोठें केंद्र निघत नाहीं, तोंपर्यंत खेड्यांतील मनुष्यानें ह्या फंदांत पडूं नये. दुसरा पक्ष म्हणतो कीं, त्यांत अवघड तें काय? मोटारीबरोबर केबल मिळते, ती घरच्या सॉकेटांत खोंचली म्हणजे काम झालें. आमच्या मतें पहिला पक्ष विनाकारण भितो आणि दुसरा पक्ष जेथें भ्यावें तेथें भीत नाहीं. घरचें साधें सॉकेट शेतकऱ्याच्या नित्याच्या गरजेस पुरेसें आहे. परंतु तें सॉकेट ज्या तारेवर आणि ज्या अर्थिंगवर अवलंबून आहे, तीं आमच्याकडील पुष्कळ जुन्या घरांत ह्या कामास योग्य नाहींत. यास्तव मोटारीची रक्कम भरण्यापूर्वीं भिंतींतील तार आणि अंगणांतील अर्थिंग यांवर खर्च करावा, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

प्रथम पुरेसें कसें, तें पाहूं. आपल्या घरांत सॉकेटें दोन जातींचीं असतात. दिव्या-पंख्याच्या बोर्डावरील लहान सॉकेट पांच-सहा अँपियरचें, आणि ज्यास आपण पॉवर प्लग म्हणतों तें मोठें सॉकेट पंधरा-सोळा अँपियरचें. मोटारीचा संबंध फक्त ह्या दुसऱ्याशीं आहे. लहान सॉकेटाकडे मोटार घेऊन जाण्याचा विचारही करूं नये. २३० व्होल्टांवर १५ अँपियर म्हणजे सुमारें साडेतीन किलोवॉट. मोटारीबरोबर मिळणारा सुटा चार्जर प्रत्यक्षांत तीन किलोवॉटांच्या आसपास ओढतो, असें धरून चालूं. म्हणजे तासाला तीन युनिटें. कांहीं वीज चार्ज होतांनाच वायां जाते, ती वजा जातां लहान मोटार मीटरवरील एका युनिटांत पांच-सहा किलोमीटर चालते असा बेताचा हिशोब केला, तर एका तासाच्या चार्जिंगमागें पंधरा किलोमीटर पदरीं पडतात. ज्याचें जाणें-येणें मिळून दिवसाला पंचेचाळीस किलोमीटर आहे, त्याची मोटार तीन तासांत पुन्हां होती तशी होते. रात्रीचे आठ तास लावून ठेवली तर सव्वाशें किलोमीटरांची सोय होते. टाटांची टियागो विजेवर २०२२ सालीं आली, ती १९.२ आणि २४ किलोवॉट-तासांच्या बॅटऱ्यांची. एमजीची कॉमेट २०२३ सालीं आली, ती १७.३ किलोवॉट-तासांची. एवढ्या बॅटऱ्या घरच्या मोठ्या सॉकेटावर एका रात्रींत भरतात, हें साधा त्रैराशिकाचा हिशोब जाणणारासही दिसून येईल.

शिवाय ही गोष्ट कोणी आज नव्यानें शोधून काढलेली नाहीं. अमेरिकेंत डेट्रॉइट इलेक्ट्रिक नांवाच्या विजेच्या मोटारी १९०७ पासून १९३९ पर्यंत तयार होत होत्या, आणि खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा ह्या १९१४ सालची तसली मोटार वापरीत असत. आपल्या देशांत बंगळूरची रेवा २००१ सालीं विक्रीस आली, ती घरच्या पंधरा अँपियरच्या सॉकेटावरच चार्ज होत असे. अमेरिकेंत घरचा दाब १२० व्होल्ट असल्यामुळें तेथील साध्या सॉकेटावर मोटारीस जेमतेम १.४ किलोवॉट मिळतात. आपल्या सॉकेटाची शक्ति त्याच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही रोज थोडेंच फिरणारे तेथील कित्येक लोक तेवढ्यावर भागवितात.

आणखी एका बाबतींत खेड्याची स्थिति शहराहून बरी आहे. शहरांत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थास खालीं मोटार उभी करण्याच्या जागेपर्यंत तार नेण्यासाठीं सोसायटीची संमति, मीटर-खोलींतील जागा आणि शेजाऱ्यांची कुरकुर या सर्वांतून जावें लागतें. शेतकऱ्याचें अंगण त्याचें स्वतःचें, भिंत स्वतःची आणि अर्थिंगचा खड्डा खणण्यास लागणारी जमीनही स्वतःची. केंद्र सरकारनें जानेवारी २०२२ मध्यें काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, मालकानें आपल्या घरच्या चालू वीज-जोडणीवर मोटार चार्ज करावयास हरकत नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां केंद्र निघण्याची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. केंद्र लागतें तें लांबच्या प्रवासांत. नित्याच्या कामाचें केंद्र घरींच आहे.

आतां भ्यावें कोठें, तें सांगतों. तीन किलोवॉट म्हणजे चार अश्वशक्ति. घरच्या सॉकेटावर मोटार लावणें म्हणजे चार अश्वशक्तीचा पंप घराच्या भिंतीस रात्रभर जोडून ठेवणें होय. विहिरीवरील पंपासाठीं आपण स्वतंत्र तार, स्टार्टर आणि फ्यूज घालतों. घरांत मात्र तेवढाच भार वीस वर्षांपूर्वीं इस्त्रीसाठीं बसविलेल्या सॉकेटावर निःशंकपणें टाकतों. इस्त्री सारखी बंद-चालू होत असते, आणि पाण्याचा गीझर पंधरा-वीस मिनिटांत थांबतो. मोटार मात्र आठ-आठ तास एकसारखा प्रवाह ओढते, आणि तोही सर्वजण निजलेले असतांना. तारेंत निपजणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते; प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट. तारेला ताप चढला तर तो प्रथम सांध्यावर दिसतो. सैल झालेला स्क्रू, पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड, ढिलें पडलेलें सॉकेट, हीं ती उष्णता सांठण्याचीं ठिकाणें. पाटाला जेथें भगदाड असतें तेथेंच तो फुटतो, तसाच हा प्रकार आहे. सॉकेट आधीं पिवळें पडतें, मग काळें, आणि मग एखादे रात्रीं भिंतीजवळ ठेवलेल्या कडब्यास किंवा पोत्यांस आग लागल्यावर कारण शोधण्याची पाळी येते.

ज्या देशांत ह्या मोटारी आपल्या आधीं पुष्कळ झाल्या, तेथें ह्या बाबतींत काय करतात तें पाहण्याजोगें आहे. इंग्लंडांत घरच्या प्लगमध्येंच तेरा अँपियरचा फ्यूज असतो. तरीही साध्या सॉकेटावर मोटार लावण्याची तेथील केबल बहुधा दहा अँपियरांच्या वर जात नाहीं. नॉर्वेंत २०२४ सालीं विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकीं जवळ जवळ नऊ विजेच्या होत्या. त्या देशांतील सरकारी सुरक्षा-खातें साध्या सॉकेटावर रोज चार्ज करण्यापेक्षां स्वतंत्र चार्जिंग-पेटी बसविण्याचाच सल्ला देतें. अनुभवी लोक जेथें हात आखडता घेतात, तेथें नवख्यांनीं हात सैल सोडावा हें शहाणपणाचें नाहीं.

यास्तव मोटारीचें सॉकेट हें केवळ मोटारीचेंच असावें. मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून थेट चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणावी, वाटेंत जोड नसावा, त्या तारेवर दुसरा दिवा-पंखा नसावा. तिच्या आरंभीं स्वतंत्र एमसीबी असावा आणि टोंकास चांगल्या बनावटीचें सोळा अँपियरचें सॉकेट बसवावें. सुट्या चार्जरवर प्रवाह कमी करण्याची सोय असल्यास दहा अँपियरांवर ठेवावा. चार तासांचें काम सहा तासांत होईल, पण तार थंड राहील. पहिल्या आठवड्यांत चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासानें सॉकेट बंद करून प्लगला हात लावून पाहावा. कोमट लागला तर चिंता नाहीं. चटका बसला तर त्या रात्रीं मोटार लावूं नये आणि सकाळीं वायरमनला बोलवावें. गुंडाळी केलेली एक्स्टेन्शनची तार ह्या कामीं मुळींच वापरूं नये, कारण गुंडाळींतील उष्णतेस बाहेर पडण्यास वाट नसते.

तारेपेक्षांही अधिक महत्त्वाचें आणि अधिक दुर्लक्षित असें अंग म्हणजे अर्थिंग. आमच्या गांवांतून कित्येक घरांच्या सॉकेटांत तिसरें, मोठें भोंक असतें. पण त्याच्या पाठीमागें तार नसते, किंवा असली तर ती अंगणांत फूटभर ठोकलेल्या गंजक्या सळईपाशीं संपते. दिवा त्यावाचून लागतो, पंखा फिरतो, म्हणून कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मोटारीच्या केबलवर जी लहान पेटी असते, ती मात्र प्रवाह सोडण्यापूर्वीं अर्थिंग आहे कीं नाहीं हें तपासते, आणि तें नसेल किंवा कच्चें असेल तर तांबडा दिवा दाखवून काम नाकारते. येथेंच अनर्थाला आरंभ होतो. घरधनी म्हणतो, मोटार नवी, आणि चार्ज होत नाहीं. मग कोणी अर्धवट जाणकार येतो, सॉकेट उघडतो आणि अर्थिंगच्या दांड्याला न्यूट्रल तारेचा तुकडा जोडून देतो. पेटीची फसगत होते, हिरवा दिवा लागतो, आणि सर्वांस वाटतें कीं दुरुस्ती झाली.

ही दुरुस्ती नव्हे, हा घरांत पेरलेला सुरुंग आहे. अर्थिंगची तार मोटारीच्या पत्र्यास जोडलेली असते. तिला न्यूट्रल बांधली म्हणजे मोटारीचा सारा पत्रा न्यूट्रलला बांधला गेला. गांवच्या खांबावरील न्यूट्रल किती वेळां सैल होते आणि वाऱ्या-पावसांत किती वेळां तुटते, हें वाचकांस सांगणें नको. ती तुटली आणि घरांत एखादा दिवा जरी चालू असला, तरी त्या दिव्यांतून फेजचा दाब घरच्या न्यूट्रलवर येतो आणि तेथून मोटारीच्या पत्र्यावर. मोटार रबराच्या चाकांवर उभी असल्यामुळें ती कांहींच खूण दाखवीत नाहीं. सकाळीं ओल्या अंगणांत अनवाणी उभें राहून जो प्रथम दाराला हात लावील, त्याच्या देहांतून तो प्रवाह जमिनीस मिळतो. पेटीनें तांबडा दिवा दाखविला तो मोटारीचा दोष नसून घराच्या बाबतींत दिलेली खरी साक्ष होती. त्या साक्षीदाराचें तोंड दाबण्यांत शहाणपण कोणतें?

अर्थिंग नीट करणें हें कांहीं दुर्घट काम नाहीं. भारतीय मानक आयएस ३०४३ प्रमाणें जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी जमिनींत निदान अडीच मीटर जावी लागते. काळी जमीन ओली असतां प्रवाहास चांगली वाट देते; परंतु उन्हाळ्यांत ती भेगाळली म्हणजे नळीपासून सुटते. मुरमाड जमिनींत अडचण बारमाही. म्हणून खड्डा शक्यतों न्हाणीच्या किंवा पाण्याच्या टांकीच्या ओलाव्याजवळ घ्यावा आणि त्याचें मोजमाप पावसाळ्यांत न करितां ऐन वैशाखांत करावें. वैशाखांत जें अर्थिंग पांच ओहमच्या आंत उतरतें, तें वर्षभर दगा देत नाहीं.

तथापि केवळ अर्थिंगवरही विसंबून चालत नाहीं, आणि ही गोष्ट पुष्कळ वायरमन लोकांसही समजावून सांगावी लागते. पांच ओहमच्या अर्थिंगमधून २३० व्होल्टांवर फार तर ४६ अँपियर जातील. सोळा अँपियरचा एमसीबी तेवढ्यानें ताबडतोब पडेल असें नाहीं. तत्क्षणीं पडण्यास त्यास याहून पुष्कळ अधिक प्रवाह लागतो. तोंपर्यंत पत्रा जिवंत राहतो. ही उणीव आरसीसीबी नांवाचें उपकरण भरून काढतें. जितका प्रवाह गेला तितकाच परत आला कीं नाहीं, याचा तें सतत जमाखर्च ठेवतें, आणि ३० मिलिअँपियर इतकी गळती दिसतांच वीज तोडतें. मोटारीसाठीं तें 'ए' जातीचें घ्यावें, कारण मोटारींतील यंत्रणेमुळें होणारी विशिष्ट प्रकारची गळती साध्या जातीस ओळखतां येत नाहीं. त्यावर चांचणीचें बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. एमसीबी तारेचें रक्षण करतो, आरसीसीबी माणसाचें रक्षण करतें, आणि अर्थिंग दोघांस साहाय्य करतें. तिहींपैकीं एकही वगळूं नये.

शेतकऱ्याच्या घरीं ह्या काळजीस आणखी एक कारण आहे. आमच्याकडे मोटार आणि जनावरें पुष्कळदां एकाच छपराखालीं किंवा एकाच अंगणांत असतात. जमिनींत वीज उतरली असतां बैल-म्हशींस माणसापेक्षां लवकर धक्का लागतो. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर अधिक असतें, पायांत वहाण नसते, आणि प्रवाहाची वाट छातीवरून जाते. गोठ्याच्या दावणीजवळ, मूत्राच्या ओलीवर, चार्जिंगची केबल लोळत ठेवणें हा निष्काळजीपणा कोणाही पशुपालकास शोभणारा नाहीं. केबलवरील पेटी भिंतीस कंबरेइतक्या उंचीवर टांगावी आणि सॉकेटावर पावसाचा थेंब येणार नाहीं अशी झांकण असलेली पेटी बसवावी.

आतां एका नाजूक विषयास हात घालणें भाग आहे. मळ्यांत पंपाची जोडणी असते, घर मळ्यांतच असतें, आणि महाराष्ट्रांत एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस मोफत वीज देण्याची योजना मार्च २०२९ पर्यंतच्या मुदतीनें जाहीर झालेली आहे. तेव्हां पंपाच्या पेटींतून एक तार ओढून मोटार फुकटांत चार्ज करण्याचा मोह कोणास पडणार नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो मोह आवरावा. पंपाचा पुरवठा तीन फेजचा. त्यांतील जोडणींत चूक होऊन मोटारीच्या चार्जरवर दोन फेजांमधला ४१५ व्होल्टांचा दाब आला तर महागाची यंत्रणा क्षणांत जळून जाईल. कायद्याच्या दृष्टीनेंही ती चूक लहान नाहीं. २००३ च्या वीज अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणें, ज्या कामासाठीं वीज मंजूर झाली त्याहून वेगळ्या कामास ती वापरल्यास योग्य दराच्या दुपटीनें आकारणी होते. आणि अप्रामाणिक हेतूनें तसें केल्यास कलम १३५ प्रमाणें तें वीजचोरींत मोडतें. ह्याहून मोठा प्रश्न आमच्या इभ्रतीचा आहे. पिकास पाणी मिळावें म्हणून समाजानें ही वीज शेतकऱ्यास दिली. तिच्यावर मोटारी चालूं लागल्या, तर सवलत काढून घ्या म्हणणारांच्या हातीं आपणच कोलीत दिल्यासारखें होईल, आणि त्याचें फळ मोटार नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यास भोगावें लागेल.

घरच्या मीटरवर चार्ज करावयाचें म्हणजे बिलाचा विचार आला. महिन्यास अकराशें किलोमीटर फिरणाऱ्यास सुमारें दोनशें युनिटें जास्त लागतात. आपल्याकडील घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्यांनीं चढत असल्यामुळें हीं युनिटें स्वस्त पायरीवर न पडतां वरच्या पायरीवर पडतात. हिशोब करतांना तोच दर धरावा. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो; तो एक-दोन किलोवॉटच असेल तर वाढवून घेण्याचा अर्ज मोटार येण्यापूर्वींच करावा. ज्यांच्या घरास पक्कें छप्पर आहे त्यांनीं फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचाही विचार करावा. तीन किलोवॉटांच्या सौर संचास तींत ७८,००० रुपये साहाय्य आहे, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशीं असा संच दहा-बारा युनिटें देतो.

वस्तीवरील रोहित्राचाही विचार करणें हें शेजारधर्माचें काम आहे. पंचवीस केव्हीएच्या रोहित्रावर आठ मोटारी एकाच वेळीं लागल्या तर तेवढ्यानेंच तें पुरें भरतें, आणि मग दिवे-पंखे कोणाचे चालणार? संध्याकाळीं सात वाजतां घरीं येतांच मोटार लावण्याची गरज नसते. बहुतेक मोटारींत वेळ लावून ठेवण्याची सोय असते. ती अकराच्या पुढची लावावी. ज्या गांवांत मोटारी वाढतील तेथें पाण्याच्या पाळीप्रमाणें चार्जिंगचीही पाळी ठरविण्यास काय हरकत आहे? पाळी पाळण्याची शिस्त आपल्या लोकांस नवी नाहीं.

कोणी म्हणतील, एवढा खटाटोप करावयाचा तर मोटारच नको. त्यांस आमचें उत्तर असें कीं, हा खटाटोप मोटारीसाठीं वाटला तरी त्याचें फळ साऱ्या घरास मिळतें. ज्या दिवशीं खरें अर्थिंग आणि आरसीसीबी घरांत येईल, त्या दिवसापासून पाण्याची मोटर, धुण्याचें यंत्र, पिठाची चक्की आणि कडबाकुट्टी यांपासूनचा धोकाही पुष्कळ उतरेल. मोटारीच्या किंमतीपुढें हा खर्च अल्प आहे; आणि मोटार न घेणाऱ्यानेंही तो करावा इतका तो आवश्यक आहे.

शेवटीं आमच्या सभासदांपुढें एक सूचना ठेवतों. येत्या वैशाखांत प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एकत्र येऊन परवानाधारक ठेकेदाराकडून आपापल्या घरांचें अर्थिंग मोजून घ्यावें, आंकडा एका वहींत लिहावा आणि तोच आंकडा दर वर्षीं ताडून पाहावा. एकेकट्यास बोलाविल्यास ठेकेदार येत नाहीं. पंचवीस घरें एकदम असलीं कीं तो येतो आणि दरही कमी घेतो. माती तपासून घेण्याची संवय आपण जशी लावून घेतली, तशीच ही संवय लावून घेण्याजोगी आहे. ज्याच्या अर्थिंगचा आंकडा त्या वहींत समाधानकारक उतरेल, त्यानें खुशाल मोटार घ्यावी, अंगणांत उभी करावी आणि घरच्या सॉकेटास लावून स्वस्थ झोंपावें. ज्याचा उतरणार नाहीं, त्यानें पहार-कुदळ घेऊन आधीं खड्डा खणावा.